खांबावर राहिलेला शब्द

मिलिंदभाऊ,

खांबावरचा शब्द अजून तसाच आहे. आजारपणाची सुट्टी घेऊन गेलास त्या सकाळी तू तो खडूनं लिहिला होतास. इंग्रजी अक्षरांत, ‘रिलीफ’. शेवटच्या एफचा दांडा नेहमीसारखा लांब ओढलेला. आपल्या नियमानं त्याच्यापुढं अर्थ लिहायची पाळी माझी होती. मी लिहिला नाही. पुसलाही नाही. धाग्याची पांढरी भुसी त्याच्यावर बसत राहते, मी येताजाता फुंकर मारतो आणि लूमकडं वळतो.

तुला ‘तू’ म्हणतो म्हणून वाचणारा कुणी नाक मुरडेल. तू माझ्याहून कितीतरी मोठा, तुझी पोरगी लग्नाला आलेली. पण सुरतेत नवागामच्या त्या खोलीत पहिल्याच आठवड्यात मी तुला ‘अहो मिलिंदभाऊ’ म्हणालो तेव्हा तू किती हसला होतास. म्हणालास, “ज्याच्या घामाच्या उशीवर झोपतं त्याले अहो-जाहो करतं का बे, गजू?”

खरंच होतं ते. गादी एक, माणसं दोन. तुझी दिवसपाळी असली की माझी रातपाळी. मी उठून खात्यात यायचो, तू सुटून खोलीवर जायचास, आणि मी जिथं लोळत होतो तिथंच तू आडवा व्हायचास. ती गादी कधी थंड झालीच नाही. दोन वर्षं एका खोलीत राहिलो, पण एकमेकांचं धड तोंड पाहिलं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. नंतर वहिनी आणि पोरगी गावाहून आल्या, तू डिंडोलीत खोली केलीस, गादी एकट्या माझी झाली. तेव्हा मला झोप लागत नव्हती, हे तुला कधी सांगितलं नाही. गादी गार लागायची.

सातवीत शाळा सुटली. सुटली कसली, मीच सोडली. वाशीमकडचं आमचं गाव सोडून सुरतेत आलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं. लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात, हेही माहीत नव्हतं. खात्यात पाय ठेवला आणि त्या आवाजानं बाहेर पळत आलो. तू मागून आलास, चहा पाजलास, आणि म्हणालास, “आवाजाले भेऊ नको. तो तुह्याशी नाही बोलून राहिला.” तुटलेला तार कसा हुडकायचा, गाठ कशी मारायची की कापडात दिसू नये, शटल, म्हणजे धावता धोटा, कधी हातानं थांबवायचं नाही, हे सगळं तू शिकवलंस. माझी दहाही बोटं जागेवर आहेत ती तुझ्यामुळं. हे लिहिताना त्याच बोटांकडं बघतोय.

आणि तू शिकवलास तो हात.

त्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो. म्हणून पाळी बदलताना आपलं बोलणं हातानं चालायचं. लूम बंद करायचे नसतात, चालत्या लूमवरच माणूस बदलतो. येणारा मागून येऊन जाणाऱ्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळवा ठेवून दोनदा थोपटतो. त्याचा अर्थ : मी आलो, आता तू जा. जाणारा मागं वळून बघत नाही, कारण नजर लूमवरून काढायची नसते. तो फक्त हात वर करतो. जो लूम कुरकुरत असेल त्याच्या नंबराएवढी बोटं दाखवतो. आणि सगळं नीट चालू असेल तर मूठ. बस्स. मग तो निघून जातो.

तुझी मूठ क्वचितच दिसायची. तीन नंबरचा लूम तुला कायम छळायचा. तुझी तीन बोटं दिसली की मी समजायचो, आजही शिव्या खाल्ल्यात त्यानं.

त्या हाताच्या बोलण्यात तू शब्द आणलास. दहावीला तू इंग्रजीत राहिला होतास, तो काटा तुझ्या मनातून कधी गेला नाही. म्हणायचास, “सगळ्या विषयात पास, एका इंग्रजीनं मले लूमवर आणलं. आता मी त्याले सोडत नाही.” मग जाताना तू दोन लूमच्या मधल्या खांबावर खडूनं एक शब्द लिहायचास. मी मोबाइलवर अर्थ शोधायचा, तो कुठून आला ते शोधायचं, आणि पुढच्या पाळीला तू येण्याआधी त्याच्यासमोर लिहून ठेवायचं. मग शब्द लिहायची पाळी माझी. आपले मास्तर गुजराती, लूम दुरुस्त करता करता खांबाकडं बघून म्हणायचे, “आ शूं, निशाळ खोली छे?” शाळा उघडली का म्हणून. पण त्यांनी कधी पुसायला लावलं नाही.

सातवी सुटलेल्या माणसाला असं कुणी रोज काही विचारणं म्हणजे काय असतं, ते तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला शाळेत कुणी प्रश्न विचारला की घाम फुटायचा. खांबावरच्या प्रश्नाला नाही फुटला.

हा शेवटचा शब्द मात्र आपण आधी तोंडी भांडून घेतला होता. गेटवरच्या वॉचमनपासून सुरुवात झाली. सकाळी मास्तर दोन मिनिटं लूमपाशी उभे राहिले म्हणून आपण दोघं चहाच्या गाडीवर, तू घरी निघालेला, मी कामावर येणारा, आणि वॉचमन फोनवर ओरडत होता, “अरे मेरा रिलीवर नहीं आया, मैं कैसे जाऊँ!” तू कान टवकारलेस. म्हणालास, “गजू, हा शब्द पाह्य. आपल्या दोघायचा शब्द हाय हा.”

मोबाइल काढला. शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आलेला. मुळात अर्थ, पुन्हा उचलणं, हलकं करणं. त्याच्या पोटातच ‘हलका’ हा शब्द बसलेला. तुला एवढा आनंद झाला की तू चहा सांडलास. मग तू तो शब्द जिथंतिथं पकडायला लागलास. गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या ट्यूबवर होता. पुराच्या वेळी वाटलेल्या सामानाच्या ट्रकवर होता. गावाकडच्या आपल्या गुरुजींची बदली झाली की ‘रिलीव्ह झाले’ म्हणत, तिथं होता. एक दिवस तू लेण्यातल्या कोरीव मूर्तीचा फोटो घेऊन आलास, त्याच्याखाली रिलीफ लिहिलेलं. मी म्हणालो, “दगडाला कसला आला रिलीफ?” तू म्हणालास, “पाह्य ना नीट. मूर्ती दगडातून वर उचलून आली. उचलणंच हाय ते. डिंडोलीच्या विहारात दारावर बुद्धाचं तोंड कसं भिंतीतून बाहेर आलं हाय, तसं.” जॅकचा लिव्हर पण त्याच घराण्यातला निघाला. मग तू म्हणालास, लिफ्ट पण त्यातलीच. मी शोधून सांगितलं, नाही, लिफ्टचं गोत्र वेगळं, ती उत्तरेकडच्या दुसऱ्याच भाषेतून आली. तू मानलं नाहीस. “उचलते ना? मंग त्यातलीच.” शेवटपर्यंत मानलं नाहीस.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. मी म्हणायचो, हा शब्द जाणाऱ्याचा. हलका तो होतो, घरी तो जातो, झोपतो तो. आपल्याकडं त्यालाच ‘हायसं वाटणं’ म्हणतात, ‘सुटलो बाबा’ म्हणतात. येणाऱ्याचा त्यात काय संबंध? तू म्हणायचास, “मंग रिलीव्हर कोणाले म्हणतेत? येणाऱ्याले. नाव त्याचं हाय. आपल्यात त्याले नुसतं ‘बदली’ म्हणतेत, त्या शब्दात वझंच नाही.” मी म्हणायचो, “पण हलकं त्याला वाटत नाही ना!” तू म्हणालास, “कसं वाटंन? वझं कमी होते थोडीच. वझं हात बदलते.”

मी त्यावर म्हणालो होतो, हे तुझं लेक्चर खांबावर मावणार नाही, एका ओळीत सांग. तू म्हणालास, “तू सांगजो.” आणि दुसऱ्या दिवशी जाताना शब्द लिहून गेलास.

मग तुझी छाती.

त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. ते तू भोगलंस, मी फक्त बघितलं. सरकारी दवाखान्यात वहिनी रात्री तुझ्यापाशी बसायच्या, आणि मी रातपाळी संपवून थेट तिकडं यायचो, म्हणजे त्यांना घरी जाऊन पोरीकडं बघता यावं, साड्यांवर टिकल्या चिकटवायचं हातातलं काम पुरं करता यावं. दुपारी पोरगी यायची, मी खोलीवर जाऊन दोन घटका पडायचो आणि पुन्हा खात्यात. तुझ्या जागी बिपिन आला, ओरिसाचा माणूस, भला आहे, त्यानं दिवसपाळी घेतली आणि मी कायमची रातपाळी. वहिनी म्हणायच्या, “गजूभाऊ, तुमी मानूस हाव का मशीन?” मी हसायचो. पण भाऊ, मी मशीन नव्हतो. मी थकलो होतो. एकदा चालत्या लूमवर डोळा लागला आणि मास्तरांनी कॉलर धरून मागं ओढलं. आणि डॉक्टर रोज म्हणायचे, “बघू.” त्या ‘बघू’चा शेवट कुठं आहे, हे मी मनात विचारायला लागलो होतो. कुणाला ऐकू येणार नाही असं. पण विचारायला लागलो होतो.

त्या सकाळी मी आलो तेव्हा कानात अजून लूम चालू होते. केसांत भुसी. वहिनी पाण्याची बाटली भरायला नळाकडं गेल्या होत्या. तू भिंतीकडं तोंड करून कुशीवर झोपलेला, पाठ दाराकडं. आणि मी सरळ चालत आलो, आणि तुझ्या दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवला, आणि दोनदा थोपटलं.

माझ्या हातानं विचार केला नाही, भाऊ. तो हात फक्त तेवढंच जाणतो. समोर तुझी पाठ, मागून मी, सकाळची वेळ. इतकी वर्षं त्या हातानं हेच केलं. थोपटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणालो. मी म्हणालो : मी आलो, आता तू जा.

तू मागं वळला नाहीस. तुझा हात चादरीवरून थोडा वर उठला. मग खाली गेला. आणि तू गेलास.

वहिनी बाटली घेऊन आल्या तेव्हा मी तसाच उभा होतो, तळवा तुझ्या पाठीवर.

आता खरं सांगतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायची हिंमत नाही. रडू यायच्या आधी, वहिनींनी हंबरडा फोडायच्या आधी, माझ्या छातीतून काहीतरी उतरलं. खांद्यावरचा सुताचा जड बीम कुणीतरी दुसऱ्या बाजूनं धरावा तसं. उद्या सकाळी इथं यायचं नाही, हे माझ्या अंगाला माझ्याआधी कळलं. मग रडलो, खोटं नाही रडलो. पण आधी हलका झालो. आणि सगळं आटपून खोलीवर आलो तेव्हा मी असा झोपलो, असा झोपलो की मेलेल्या माणसालाही लाज वाटावी. तू गेलेल्या दिवशी मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली. जागा झालो तेव्हा पहिला शब्द डोक्यात आला तो तुझा, खांबावरचा.

मला शब्दाचा अर्थ कळला होता, भाऊ. कळायला नको होता.

गेल्या रविवारी विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, तुझ्या फोटोला पांढरी फुलं. मंडळी एकेक उठून बोलली. तू पोरांना वह्या वाटायचास, तू दारू सोडवायला लोकांच्या घरी बसायचास, हे मला माहीतच नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, “आता जोडीदार बोलतील.” मी उठलो. “मिलिंदभाऊनं मला कामाला लावलं,” म्हणालो. “मला शिकवलं,” म्हणालो. एवढंच, आणि खाली बसलो. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “गजूभाऊनं सख्ख्या भावाच्या वर केलं.” बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं जमीन फाटावी. तिथं बसलेल्यांपैकी सगळ्यात आधी हलका झालेला माणूस मी होतो, आणि माझंच कौतुक चाललं होतं.

जेवणं उठल्यावर वहिनी मागच्या ओट्यावर भेटल्या. हातात पत्रावळींचा गठ्ठा. विचारलं, “भाऊ, मी नळावर गेली होती तवा, तो काई म्हणला का?”

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मला ठाऊक होतं. त्या विचारतील म्हणून मी डिंडोलीकडं यायचंच टाळत होतो.

“म्हणले नाही काही,” मी म्हणालो.

“डोये उघडले होते?”

“भिंतीकडं तोंड होतं.” मग तोंडातून निघूनच गेलं, “वहिनी, माझ्या हातून एक झालं. मी येता येता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खात्यात ठेवतो तसा. पाळी बदलताना.”

त्यांना सांगायला लागलं नाही. तुझ्या घरात तो हात सगळ्यांना माहीत. तू कामाला निघताना उंबऱ्यातून मूठ दाखवायचास, घरचा लूम नीट चालू आहे म्हणून, आणि वहिनी रुसलेल्या असल्या की एक बोट, एक नंबर बिघडला म्हणून, आणि त्या आतून लाटणं दाखवायच्या. मी जेवायला आलो की हेच बघत बसायचो.

वहिनींनी गठ्ठा खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, म्हणजे तुमी धाडलं त्याले. म्हणाल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. बहुतेक त्यासाठीच सांगितलं मी.

त्या म्हणाल्या, “मंग? त्यानं हात वर केला का?”

“केला.”

“बोटं होती?”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांनी पदर गच्च धरलेला. त्या एका उत्तरावर उभ्या होत्या बिचाऱ्या. आयुष्यभर तुझी बोटं मोजलेली बाई.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “मूठ होती.”

त्यांचा श्वास सुटला. मला तो ऐकू आला. पदर सुटला, खांदे खाली आले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा त्या नीट उभ्या राहिल्या. “म्हणजे सगळं चालू हाय म्हणला,” त्या म्हणाल्या. “सगळं चालू ठेवा म्हणला.” मग डोळे पुसले, पत्रावळी उचलल्या, आणि आत जाऊन पोरीला हाक मारली, “अवं, पाहुण्यायले ताक दे ना!” तो आवाज जुना होता. घरचा.

मी खोटं बोललो नाही, भाऊ. बोटं मिटलेली होती. पण जे सांगितलं नाही ते असं, की तुझी बोटं दोन दिवसांपासूनच मिटलेली होती. सुई लावलेला हात सुजून आखडला होता, मीच तो चोळून उघडायचो आणि तो पुन्हा मिटायचा. तो वर का उठला, मला ओळखून उठला, की मी थोपटल्यानं दुखलं म्हणून उठला, मला माहीत नाही. तू मला उत्तर दिलंस की नुसता कळवळलास? हे फक्त तुला माहीत. वहिनींच्या अंगावरून ते उतरलं ते माझ्या अंगावर आलं, आणि मी ते परत देणार नाही. हे कागद त्यांना वाचून दाखवणार नाही. त्या वाचत नाहीत, आणि पोरीला मी देणार नाही.

तेव्हा भांडणात तूच जिंकलास. नाव येणाऱ्याचं आहे. हलकं त्याला वाटत नाही. लिफ्टचं मात्र मी अजून मानत नाही.

तुझे उपकार आहेत, पण ते शब्द मला नीट लिहिता येत नाहीत, लिहायला गेलं की गुरुजींच्या निबंधासारखे होतात. एवढंच सांगतो. आता कुणी मला इंग्रजी शब्द विचारला की मी आधी विचारतो, हा आला कुठून? ही खोड तुझी. दिवसभर माझ्याबरोबर असते.

आज सकाळी पाळी बदलली. बिपिन आला. मागून आला, तळवा ठेवला, दोनदा थोपटलं, अगदी मी शिकवलं तसं, म्हणजे तू शिकवलंस तसं. लूम सगळे नीट चालू होते, तीन नंबरसुद्धा. मी हात वर केला. मूठ मिटायची होती. मिटेना, सगळं नीट आहे असं हाताला म्हणवेना. पाचही बोटं तशीच उघडी राहिली, हवेत, कितीतरी वेळ. बिपिन आधी पाच नंबरपाशी गेला, वाकून बघितलं, तार बघितले. तिथं काही सापडलं नाही. मग तो एकेक लूम बघत पुढं गेला, कुठला बिघडला आहे ते शोधत.